पंधरा वर्षांच्या इम्पल्सचं री-पासिंग: आठ शेऱ्यांचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडे सेकंडहँड हीरो इम्पल्स मोटारसायकल आहे. एमएच-०४, २०११ च्या अखेरीस नोंदलेली. आधीचा मालक ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, जाणारा, त्यामुळे गाडीत बरीच कापाकापी झालेली. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली म्हणून त्यांनी गाडी री-पासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवण्याआधीच्या आरटीओ तपासणीला, नेली, तर निरीक्षकांनी शेरे मारून परत पाठवली. इंजिन नंबर अस्पष्ट, सायलेन्सर कंपनीचा नाही, हेडलाइट बदललेला, मागचे इंडिकेटर नाहीत, पुढची नंबरप्लेट नाही, साडीगार्ड नाही, मागचा टायर रस्त्याचा नाही आणि हँडलमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल. एजंट म्हणतो काही करू नका, मी बघतो. मित्र म्हणतो भंगारात द्या, पंधरा वर्षांनंतर गाडी चालवायला परवानगीच नसते. कोणाचं ऐकायचं?

मित्राचं आधी बाजूला ठेवू. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला आहे, महाराष्ट्रातला नाही. आपल्याकडे खासगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात, ती संपली की पुन्हा तपासणी. १९९० च्या दशकातल्या आरएक्स १०० आणि त्याहून जुन्या बुलेट ठाण्यात कायदेशीर फिरतात, त्या अशाच.

आता गॅरेजवाल्याचं. तुमचे आठ शेरे पुन्हा वाचा. त्यात इंजिनाच्या तब्येतीबद्दल एकही शब्द नाही. धूर नाही, आवाज नाही, ऑइल गळती नाही. एक शेरा गाडीच्या ओळखीचा आहे, एक झिजेचा, आणि उरलेले सहा काढून टाकलेल्या किंवा बदललेल्या वस्तूंचे. म्हणजे वय हा तुमच्या गाडीचा मुख्य आजार नाहीच. निरीक्षक समोरची गाडी कागदावरच्या गाडीशी ताडून बघतो, आणि तुमची गाडी कागदावरच्या इम्पल्ससारखी राहिलेली नाही. इंजिन खोलून यातला एकही शेरा पुसला जाणार नाही. मी ठाण्यात बरीच वर्षं दुचाक्यांचंच काम करतोय. ट्रेलवाल्या गाड्या पासिंगला अडकतात त्या बहुतेक अशाच अडकतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर निकाल देऊन ही गोष्ट आणखी पक्की केली. त्यामुळे "पण हा पार्ट कंपनीच्यापेक्षा भारी आहे" हा युक्तिवाद आरटीओच्या तपासणी ट्रॅकवर करू नका. भारी असेलही, पण तिथे तो मुद्दाच नसतो.

सगळ्यात आधी हात घाला इंजिन नंबरला. बाकी सगळं दुरुस्त होऊन हे एकच अडलं तर गाडी अडली. री-पासिंगला चेसिस आणि इंजिन नंबरचे पेन्सिल प्रिंट लागतात. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटतात. ट्रेलच्या गाडीत इंजिन नंबराची जागा बॅश प्लेटच्या, म्हणजे इंजिनाला दगडांपासून वाचवणाऱ्या पत्र्याच्या, मागे दडलेली असते. तिथे चिखल बसतो, वर चेनचं ऑइल उडतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा दगडासारखा थर होतो. त्यात आपल्याकडची खाडीची हवा. कळवा, कोलशेत, ऐरोली अशा खाडीकाठच्या भागात उघड्यावर राहणाऱ्या गाडीचं अॅल्युमिनियम पांढरं फुलतं आणि अंकांच्या खोबणीत ती पूड भरते.

बॅश प्लेट काढा. ती जागा रात्रभर रॉकेल किंवा डिझेलने भिजत ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा, मग थिनरने पुसा. घाईत ग्राइंडर, पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश यातलं काहीही वापरू नका. घासून चकचकीत केलेला नंबर निरीक्षकाला खोडलेला वाटतो. अस्पष्ट नंबर हा शेरा असतो, छेडछाड केलेला नंबर हे पोलिसांपर्यंत जाणारं प्रकरण असतं. अंक पुसट वाटले तर स्वतः पंच मारायचा विचारही नको. त्यासाठी आरटीओची परवानगी घ्यावी लागते.

चेसिस नंबरचंही तेच. फ्रेमला पावडर कोटिंग केलेलं असेल तर तो जाड थर अंकांत भरून प्रिंट गुळगुळीत येतो. तुमच्या शेऱ्यात चेसिसचा उल्लेख नाही, म्हणजे तो वाचता आला. तरी घरीच एक प्रिंट काढून आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा.

आता एक नाजूक गोष्ट. नंबर साफ झाला आणि तो आरसीवरच्या नंबराशी जुळलाच नाही तर? इम्पल्सचं मूळ इंजिन साधारण दीडशे सीसीचं, सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंकच्या घराण्यातलं. ट्रेलवाल्यांना ते कमी पडायचं, म्हणून कित्येकांनी त्यात करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन बसवलं. चालवायला गाडी झकास होते, हे नाकारत नाही. पण कागदावर ती दुसरीच गाडी झाली. तुमच्या गाडीचा आधीचा मालक तसा माणूस असेल तर त्याला आजच फोन करून मूळ इंजिन कुठे आहे ते विचारा. अशी मंडळी इंजिन सहसा विकत नाहीत, माळ्यावर ठेवतात. मूळ इंजिन मिळालं तर वाट आहे. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवायचं असेल तर बिल, परवानगी आणि आरसीवर नोंद, असा रीतसर पण लांबचा रस्ता आहे. मोठ्या सीसीच्या इंजिनाला मंजुरी मिळालेली मी तरी पाहिलेली नाही. म्हणून हा निकाल हातात येईपर्यंत बाकीच्या कामावर पैसा घालू नका.

नंबर जुळला असं धरून पुढे जाऊ.

झिजेचा एकच शेरा आहे, पण जीव जाऊ शकतो तो त्याच्यानेच. हँडलमधला प्ले. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. पुढे बसून फोर्कचे दोन्ही पाय खालून धरा आणि स्वतःकडे ओढा, मागे ढकला. कट कट असं लागलं तर एक बोट हँडलच्या टी आणि फ्रेमच्या नळीच्या सांध्यावर ठेवून पुन्हा हलवा. बोटाखाली हालचाल लागली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. तिथे शांत असेल आणि खाली फोर्कच्या पाइपमध्ये खळखळ असेल तर फोर्कचे बुश झिजलेत. मग हँडल अगदी हळू एका बाजूकडून दुसरीकडे न्या. बरोबर सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकतं का? तसं असेल तर बॉल रेसमध्ये, म्हणजे कोनसेटच्या गोळ्या फिरतात त्या कड्यांत, खड्डे पडलेत.

इथे बरेच गॅरेजवाले वरचा नट आवळून देतात. प्ले गेल्यासारखा वाटतो, पण हँडल जड होतं, सरळ रेषेतली खाच आणखी खोल लागते आणि गाडी रस्त्यावर साप काढते. निरीक्षक हँडल हलवून बघतो तेव्हा त्याला तेही कळतं. कोनसेट पूर्ण बदला, नवीन ग्रीस भरा. आणि याचं खापर ट्रेलवर फोडू नका. घोडबंदर रोडवर एक पावसाळा रोज ये-जा केली तरी कोनसेट बसतो, त्याला डोंगर लागत नाही.

कोनसेटसाठी पुढचा भाग उतरलेलाच असतो, तेव्हा त्याच मजुरीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. फोर्कच्या क्रोम पाइपवर ऑइलची रिंग दिसत असेल तर सील गेलंय. पण सील बदलण्याआधी पाइपवरून नख फिरवा. गंजाचे बारीक टोचे लागले तर नवीन सील महिनाभरात पुन्हा कापलं जाईल, आधी पाइपचा बंदोबस्त हवा. गळणारं ऑइल खाली डिस्कवर उतरतं आणि मग ब्रेकही नापास होतो. दुसरं म्हणजे स्पोक. छोट्या पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. ताणलेली तार टण्ण वाजते, सैल तार बद्द. सैल निघाल्या तर चाक रिमवाल्याकडे द्या, घरी आवळायला बसलात तर रिम आऊट होईल.

ब्रेकबद्दल तुम्हाला शेरा नाही, म्हणजे त्या दिवशी तो पास झाला. तरी डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि मागच्या ड्रमच्या आर्मवरचा झिजेचा बाण एकदा नजरेखालून घाला. ब्रेक लाइट हातातल्या आणि पायातल्या अशा दोन्ही ब्रेकवर लागला पाहिजे. हातातल्या ब्रेकचा स्विच पावसाने हमखास जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता काढलेल्या आणि बदललेल्या वस्तू. यातली खरी दमवणारी गोष्ट हेडलाइट आहे. मूळ दिव्याच्या जागी एलईडी बार लावला असेल तर तो काढून मूळ हेडलाइट आणि व्हायझर बसवावा लागेल. एवढ्यावर भागलं तर बरं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, करंटवर चालायचा. म्हणून आयडलिंगला मंद आणि रेस दिली की उजळ. एलईडी बार लावताना लोक वायरिंग फिरवून ते बॅटरीवर घेतात, कधीकधी मॅग्नेटची कॉइलही बदलतात. नुसता मूळ दिवा परत जोडून काम होईलच असं नाही. वायरमनला बसवून लूम, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, मूळ स्थितीत आणा. हाय आणि लो दोन्ही बीम, पार्किंग लाइट, मीटरमधला हाय बीमचा निळा दिवा, सगळं तपासा. मागचे इंडिकेटर लावताना तेवढेच एलईडी आणि पुढचे बल्ब अशी खिचडी केलीत तर इंडिकेटर फडफडल्यासारखा भरभर लागतो. मिनिटाला ६० ते १२० उघडझाप हे प्रमाण आहे. चारही जागी मूळ वॅटचे बल्ब लावले की फ्लॅशरला हात लावावा लागत नाही.

सायलेन्सर मूळचाच हवा. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. पण ट्रॅकवर मशीन येण्याआधी निरीक्षकाचा कान आणि डोळा काम करतात. फ्री-फ्लो, म्हणजे मोकळ्या आवाजाच्या, नळीत आवाज दाबणारा डीबी किलर घालून आलेली गाडी त्यांना लांबून ओळखता येते. मूळ सायलेन्सर गंजलेला मिळाला तरी चालेल, वेल्डिंग करून भोकं बुजवा, फक्त जोडावर गॅस्केट नवीन टाका. तिथून हवा ओढली गेली तर पीयूसीचं रीडिंगही चुकतं.

साडीगार्ड म्हटलं की ट्रेलवाले हसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मात्र स्पष्ट आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्कं हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. तिन्ही लागतात. रॅली टेल, म्हणजे आखूड शेपूट, लावताना मागचं ग्रॅब हँडलही काढलं असेल तर तेही परत बसवा, नाहीतर पुढच्या खेपेला नववा शेरा मिळेल. इम्पल्सचे बॉडी पार्ट शोरूमला मिळणं आता कठीण आहे. आधी जुन्या मालकाचा माळा, मग इम्पल्सवाल्यांचे ग्रुप, मग कुर्ल्याचे जुन्या पार्टवाले, असा क्रम ठेवा. साडीगार्ड दुसऱ्या मॉडेलचं घेऊन ब्रॅकेट बनवून लावलं तरी माझ्या अनुभवात अडत नाही, घट्ट बसलं आणि चाक झाकलं म्हणजे झालं.

नंबरप्लेट साधी रंगवून लावू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. पुढची आणि मागची ऑनलाइन वेळ घेऊन एकाच वेळी बसवली जाते. पुढे ती लावायला मूळ ब्रॅकेट लागतं, ते आधी शोधून ठेवा. ब्रॅकेट नाही म्हणून बसवणाऱ्याने परत पाठवलेले लोक माझ्याकडे येत असतात.

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर हायवे यूज' असं असेल तर तो रस्त्यावर चालणारच नाही. नसेल आणि नुसत्या मोठ्या गाठींचा ड्युअल पर्पज टायर असेल, तर निरीक्षकाशी बोलून बघण्यासारखं आहे. दुचाकीला नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते. खोली भरपूर असूनही टायर म्हातारा असू शकतो. बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तसला टायर पासिंग झालं तरी बदला.

पीयूसी तुम्ही काढलीच असेल. बीएस-३ गाडीला, म्हणजे तुमच्या गाडीच्या काळातल्या प्रदूषण नियमांच्या गाडीला, ती सहा महिन्यांचीच मिळते, तारीख बघा. २००० नंतरच्या फोर स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्ब्युरेटर नीट असेल तर ही गाडी त्यात आरामात बसते. सायलेन्सर बदलल्यावर मात्र कार्ब्युरेटर पुन्हा लावून घ्या, कारण फ्री-फ्लोसाठी आधीच्या मालकाने मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी मोठी तोटी, टाकलेला असण्याची दाट शक्यता आहे. मूळ सायलेन्सरवर तो जेट रिच पडेल, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल, प्लग काळा होईल आणि कार्बन मोनॉक्साइड वर जाईल. तपासणीला जाताना इंजिन चांगलं तापलेलं असू द्या.

एक दिलासा. जुन्या गाडीला ती बनली त्या काळचे नियम लागतात. दिवसा आपोआप लागणारा हेडलाइट २०१७ पासून, एबीएस किंवा सीबीएस २०१९ पासून, बीएस-६ २०२० पासून. २०११ च्या गाडीत यातलं काहीही नाही म्हणून कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

कागदांत जुन्या गाड्या बहुतेक दोन ठिकाणी अडतात. पहिल्या मालकाने कर्ज काढून गाडी घेतलेली, कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बोजा कोणी उतरवलाच नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि पंधरा वर्षांत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली तर एनओसी मिळवायला वेळ जातो. दुसरं म्हणजे आरसी अजून आधीच्याच मालकाच्या नावावर असणं. तुमच्या नावावर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी ट्रान्सफर. थकलेली ई-चलानंही भरून टाका.

अर्ज फॉर्म २५ चा, परिवहनच्या पोर्टलवरून. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत तो करता येतो. मोटारसायकलच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून १००० रुपये आहे आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर दुचाकीला पाच वर्षांचे २००० रुपये. मुदत उलटली तर दर महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क. हे आकडे अधूनमधून बदलतात, भरताना पोर्टल दाखवेल ती रक्कम खरी धरा. मुदत संपल्यावर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

एजंटाचं उत्तर अजून राहिलं. फॉर्म भरायला, रांगेत उभं राहायला एजंट घेतलात तर त्यात वावगं काही नाही. पण हँडलमध्ये प्ले असलेली गाडी तो "बघतो" म्हणजे काय करतो, ते तुम्हालाही कळतं. कागद मिळेल आणि कोनसेट तसाच राहील. शिवाय फ्री-फ्लो नळी आणि नसलेली नंबरप्लेट वाहतूक पोलिसाला रोज दिसत राहील, तिथे आरसीवरचा नवा शिक्का कामाला येत नाही.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा: बॅश प्लेट काढा, नंबर भिजवून साफ करा, पेन्सिल प्रिंट घ्या. जुळला तर जुन्या मालकाकडून मूळ पार्टांची यादी करून घ्या आणि गाडी कोनसेटला टाका. नाही जुळला तर दुसरा नटसुद्धा न फिरवता इथेच लिहा. प्रिंटचा फोटो टाकताना शेवटचे चार आकडे झाकायला विसरू नका.